सूडाच्या स्टोरीतली पात्रं, त्यांची टोचणी आणि चूक-बरोबरचा गुंता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंकाळ्यावर संध्याकाळी आम्ही काही जण एकमेकांच्या स्क्रिप्ट वाचायला बसतो, कुणाची एकांकिका, कुणाची शॉर्टफिल्म, एखाद्याची वेबसिरीज. त्यात सूडाच्या स्टोऱ्या सगळ्यात जास्त येतात आणि मग फोनवर, वॉट्सअपवर तेच तेच प्रश्न, म्हणून एकदा सगळं एकत्र लिहून काढतोय. उत्तरांमध्ये बऱ्याच ठिकाणी एकच बनवलेलं उदाहरण वापरलंय, ते आधी सांगतो.

गळीत हंगाम, रात्रीचे साडेनऊ. उसाचा ट्रॅक्टर रस्त्यात बंद पडलाय, मागं दोन भरलेल्या ट्रॉल्या, रिफ्लेक्टर नाही, मागं इशाऱ्याला साधा दगड किंवा फांदीपण ठेवलेली नाही, ड्रायव्हर मेकॅनिक बघायला गेलाय. धाकटा भाऊ मोटरसायकलवरनं येतो, मागनं धडकतो, जागेवर जातो. थोरला ठरवतो की ड्रायव्हरला सोडायचं नाही. एक गोष्ट फक्त थोरल्यालाच माहीत आहे: घरी पाहुणे आले होते, पांढऱ्या रश्श्याला नारळ कमी पडला, आणि फोन करून धाकट्याला नारळ आणायला त्यानंच पाठवलं होतं.

१. मोरल अँबिग्युटी म्हणजे नक्की काय? हिरो थोडा वाईट दाखवला की झालं ना?

नाही होत. दारू पितो, शिव्या देतो, बायकोशी धड बोलत नाही असलं सगळं चिकटवून हिरो 'ग्रे' होत नाही, तो वाईट सवयी असलेला चांगला माणूसच राहतो. बघणाऱ्याला दोन्ही बाजू एकदम पटल्या आणि त्यामुळंच त्याची पंचाईत झाली, तर ती अँबिग्युटी. आता ट्रॅक्टरच्या गोष्टीत दोष कुणाचा? ट्रॅक्टर अंधारात सोडून गेला तो ड्रायव्हर, की रिफ्लेक्टरच्या पट्टीचे पैसे वाचवणारा मालक? ड्रायव्हर म्हणतो मी तीनदा सांगितलं होतं, मालक म्हणतो हप्ते थकलेत, डिझेललाच पुरत नाही, आणि धाकट्याच्या डोक्यात हेल्मेट नव्हतं हे घरात कुणी तोंडातनं काढत नाही. प्रत्येकाचं थोडं थोडं खरं आहे आणि पोरगा मात्र पूर्ण मेलाय. थोरल्याला ह्यातला एकच माणूस निवडायचाय, आणि ज्याच्यापर्यंत हात पोचतो तोच तो निवडतो. इथनं तुमची स्टोरी सुरू होते.

२. गिल्ट, पश्चात्ताप, लाज हे सगळं एकच ना?

बोलताना एकच वाटतं पण लिहिताना वेगळं ठेवा. लाजेला लोक लागतात, गावात तोंड कसं दाखवू ही लाज. टोचणीला कुणी लागत नाही, रात्री दोन वाजता एकटं असताना जे मन खातं ती टोचणी. आणि पश्चात्ताप झाला की माणूस काहीतरी करायला उठतो, माफी मागतो, भरपाई करतो, पोलिसात जातो. स्क्रिप्टमध्ये बहुतेक वेळा लाज दाखवलेली असते आणि खाली नाव गिल्टचं असतं. टेस्ट सोपी आहे, पात्राला कुणीच बघत नसेल, कुणाला कधी कळणारच नसेल, तरी त्याला त्रास होतो का? होत असेल तर टोचणी.

३. सूड घेणाऱ्याला गिल्ट कधी यायला पाहिजे, खून केल्यावर ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा, आणि मला सगळ्यात जवळचापण हाच आहे.

खून केल्यावर येणारी टोचणी सगळ्यांना सुचते. पण सूडाच्या स्टोरीतली खरी टोचणी बऱ्याचदा सूडाच्या आधीची असते. थोरल्याचा नारळ बघा. तो ड्रायव्हरच्या मागं एवढा का लागलाय? भाऊ गेला म्हणून, हो, पण त्याहून जास्त म्हणजे रोज रात्री त्याच्या डोक्यात तो फोन वाजतोय, 'येताना नारळ घेऊन ये', आणि ड्रायव्हरला गुन्हेगार ठरवला की तेवढ्यापुरता फोन वाजायचा थांबतोय. म्हणजे स्वतःवरचं ओझं तो दुसऱ्याच्या अंगावर टाकतोय. म्हणून त्याला ड्रायव्हरचं काही ऐकून घ्यायचं नसतं, कारण ड्रायव्हर थोडा जरी निर्दोष निघाला तर उरलेला दोष परत ह्याच्याच घरी येणार.

हे कळलं की तुमचं पात्र एकदम बदलतं बघा, आतापर्यंत जे शौर्य वाटत होतं ते पळणं वाटायला लागतं आणि तरी माणसाची कीव येते. मग खून केल्यानंतरची टोचणी वेगळी लिहायची गरजच उरत नाही, ड्रायव्हर मेला तरी फोन वाजतोच आणि आता दोष टाकायला माणूस शिल्लक नाही. माझं सांगणं एवढंच की स्क्रिप्टला हात लावायच्या आधी तुमच्या पात्राचा नारळ शोधा.

४. गिल्ट पडद्यावर दाखवायचा कसा? प्रत्येक वेळी रडणं, आरशात बघणं, शॉवरखाली बसणं नको वाटतंय.

नकोच. हात धुणं, आरसा, पाऊस हे इतकं वापरून झालंय की बघणारा त्यातनं काही घेतच नाही. टोचणी सवयीतनं दाखवा. थोरला आता पांढरा रस्सा खात नाही, तांबडाच वाढून घेतो, आई एकदा विचारते, दोनदा विचारते, मग विचारायचं सोडते. तो त्या रस्त्यानं जात नाही, पाच किलोमीटरचा वळसा घेतो आणि पेट्रोल लई लागतंय म्हणून बायको भांडते. धाकट्याचा नंबर त्यानं डिलीट केलेला नाही, उलट त्यावर रिचार्ज करत राहतो.

आणि करणीतनं दाखवा. आमच्या इथल्या एका पोरानं ह्याच उदाहरणावर एक सीन लिहून आणला होता, सूड घेऊन झालाय, थोरला रिफ्लेक्टरच्या पट्टीचं बंडल घेऊन रात्री कारखान्याच्या बाहेर लागलेल्या ट्रॅक्टरच्या लायनीत फिरतोय आणि अनोळखी लोकांच्या ट्रॉल्यांना पट्ट्या चिकटवतोय. एक म्हातारा ड्रायव्हर विचारतो, 'किती द्यायचे?' हा काही बोलत नाही. अख्ख्या सीनला डायलॉग तेवढाच. वाचून झाल्यावर आम्ही सगळे गप्प बसलो होतो.

५. व्हिलनला माणूस म्हणून दाखवला तर पब्लिक हिरोची साथ सोडतं, मग काय करायचं?

सोडू दे थोडा वेळ. परत कसं आणायचं ह्याचा विचार करा, सोडणारच नाही ह्याची सोय करत बसू नका. फक्त एक चूक टाळा, व्हिलनला अचानक आजारी पोरगी, आंधळी आई असलं काही लावून दया मागू नका, ते प्रेक्षकाला लगेच कळतं. त्याला त्याच गुन्ह्याच्या आतलं काहीतरी द्या. आपला ड्रायव्हर त्या रात्री मेकॅनिक बघायला गेला होता, पळून गेला नव्हता. आवाज ऐकून तो मागं पळत आला आणि धाकट्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. थोरल्याला हे कुणी सांगितलेलंच नाही. प्रेक्षकाला आधी सांगायचं की थोरल्याबरोबरच सांगायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा, मी आधी सांगेन.

६. महाभारतात असं काही आहे का? मोठी माणसं नेहमी सांगतात की सगळं तिथं आहे.

ह्या विषयात तरी आहे, आणि सौप्तिक पर्वाइतकं सूडाचं कडक लिखाण मी दुसरीकडं वाचलेलं नाही. द्रोणाचार्यांना मारायला अश्वत्थाम्याचंच नाव वापरलं, अश्वत्थामा मेला असं युधिष्ठिर म्हणाला आणि हत्ती हा शब्द हळू आवाजात बोलला, बापानं शस्त्र ठेवलं आणि धृष्टद्युम्नानं त्याचं डोकं उडवलं. म्हणजे पोराच्या नावानं बाप मारला गेला, मघाशी नारळ म्हणालो तसलंच काहीतरी हे. मग अश्वत्थामा रात्री झोपलेल्या छावणीत शिरतो. मामा कृपाचार्य आधी बजावतात की झोपलेल्यांना मारू नये, तो ऐकत नाही. धृष्टद्युम्न मरतो, शिखंडी मरतो आणि द्रौपदीची पाचही पोरं मरतात.

लोकांच्या तोंडच्या कथेत तो पोरांना पांडव समजून मारतो. मूळ पर्वात ती पोरं गलबला ऐकून उठतात, लढतात आणि मरतात. दोन्हीतली कुठली घेताय त्यावर त्याची टोचणी पूर्ण बदलते, एकात चूक झाली आणि दुसऱ्यात केलं. पुढं द्रौपदीचंपण तसंच. महाभारतात ती त्याच्या कपाळावरचा मणी मागते आणि तो मिळाल्यावर थांबते, भागवतात मात्र ती म्हणते ह्याला सोडा, माझ्यासारखं ह्याच्या आईला रडायला लागू नये. एकाच बाईची ही दोन रूपं आहेत आणि मला दोन्ही खरी वाटतात.

युधिष्ठिरपण सुटत नाही. त्याचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ त्या अर्ध्या खोट्यानंतर खाली टेकला आणि शेवटी स्वर्गात जायच्या आधी त्याला नरक बघायला लागला तो त्याच खोट्यापायी. आणि अश्वत्थामा कपाळाच्या जखमेला तेल मागत अजून फिरतोय असं माझी आजी सांगायची, तुमच्याकडंपण कुणी सांगितलं असेल. त्याला मारला नाही, जखम उघडी ठेवून जगवला. क्लायमॅक्स सुचत नसेल तेव्हा ह्यावर विचार करा (शेवट कसा करायचा ते १२ मध्ये आहे).

७. चुकीचाच माणूस मारला गेला असं दाखवलं तर ट्विस्ट चांगला होतो का?

ट्विस्ट म्हणून वापरला तर वाया जातो. शेक्सपिअरचं हॅम्लेट बघा, आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' नावानं ते मराठीत आणलं तेव्हापासून ते आपलंपण आहे. हॅम्लेट पडद्यामागं बापाला मारणारा राजा आहे समजून तलवार खुपसतो आणि मरतो त्याच्या प्रेयसीचा, ओफिलियाचा, बाप पोलोनियस, हे नाटकाच्या मध्यावर होतं, शेवटी नाही. त्यामुळं पुढचं सगळं त्यातनं निघतं, ओफिलियाचं डोकं फिरतं, ती बुडून मरते आणि तिचा भाऊ लेर्टीस बापाच्या सूडासाठी हॅम्लेटच्या मागं लागतो. म्हणजे हॅम्लेट दुसऱ्याच्या स्टोरीत व्हिलन झाला, बापाचा सूड घ्यायला निघालेली दोन पोरं एकाच नाटकात समोरासमोर उभी राहिली. चुकीचा माणूस मारायचा असेल तर इंटरव्हलच्या आधी मारा आणि त्याच्या घरच्यांना नावं द्या, चेहरे द्या.

८. रागाच्या भरात केलेला खून आणि सूड ह्यात फरक काय? कायद्यात काही आहे का?

आहे, आणि लिहिणाऱ्याला तो फार उपयोगी पडतो. कायद्यात गंभीर आणि अचानक दिलेल्या चिथावणीचा अपवाद आहे, म्हणजे माणसाचा ताबा सुटला त्याच क्षणी घडलं तर तो खून न मानता सदोष मनुष्यवध मानला जाऊ शकतो. १९५९ ची नानावटी केस ह्याच मुद्द्यावर गाजली. नौदलातल्या अधिकाऱ्याला बायकोनं दुसऱ्याशी संबंध असल्याचं सांगितलं, त्यानं बायको-पोरांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं आणि मग त्या माणसाच्या घरी जाऊन गोळ्या घातल्या. ज्यूरीनं निर्दोष म्हटलं, हायकोर्टानं ते फिरवलं आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं जन्मठेप कायम केली, कारण मध्ये जवळजवळ तीन तास गेले होते, डोकं थंड व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता.

ते तीन तास म्हणजेच सूडाची स्टोरी. तेवढ्या वेळात पात्र काय काय करतं, चहा पितं का, कुणी हाक मारली तर थांबतं का, परत फिरायच्या जागा किती येतात आणि प्रत्येक जागेवर ते का फिरत नाही, हे लिहा.

कलमांचं विचारता म्हणून: १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, खुनाचं कलम ३०२ चं १०३ झालंय. निष्काळजीपणानं मृत्यू आधी ३०४-अ होता, शिक्षा दोन वर्षांपर्यंत, आता १०६ आहे आणि पाच वर्षांपर्यंत. तुमची घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर जुनीच कलमं ठेवा.

९. हिरो सरळ कोर्टात का जात नाही, असं कुणी विचारलं तर?

विचारणारच, म्हणून उत्तर स्टोरीतच पाहिजे. 'सिस्टिम सडलीय' एवढं पुरत नाही. थोरल्याला कळतं की ड्रायव्हर जामिनावर बाहेर आहे, तारखा पडतायत, आणि सगळं नीट झालं तरी शिक्षा काही वर्षांचीच. हे त्याला भावाच्या किमतीसारखं वाटतं. पण कायद्यानं निष्काळजीपणाला खून मानलं नाही ह्यात कायद्याचं चुकलं असंपण म्हणता येत नाही, आणि हे दोन्ही प्रेक्षकाला वाटलं पाहिजे.

कोल्हापुरात स्टोरी ठेवणाऱ्यांसाठी एक डिटेल: हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं, त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलंय. त्याच्या आधीच्या काळातली स्टोरी असेल तर अपिलासाठी आईला मुंबईची गाडी धरायला लावा. रात्रभर एसटीत बसून गेलेल्या बाईला पुढची तारीख मिळते, ह्या एका सीनमधनं थोरल्याचा राग कळतो.

१०. सूड घेतल्यावर माणसाला खरंच शांत वाटतं का?

वाटेल असं वाटतं, हेच मजबूत मटेरियल आहे. २००८ मध्ये कार्लस्मिथ, विल्सन आणि गिल्बर्ट ह्या मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग छापून आले. पैशाच्या खेळात एकजण बाकीच्यांना फसवतो, काहींना त्याला शिक्षा द्यायची संधी दिली आणि काहींना नाही. शिक्षा दिल्यावर बरं वाटेल असा लोकांचा अंदाज होता, पण शिक्षा देणाऱ्यांनाच नंतर जास्त वाईट वाटत होतं, कारण ते त्या फसवणाऱ्याचाच विचार करत बसले होते. संधी न मिळालेले पुढं निघून गेले. हा साधा खेळ होता, खून नव्हे, त्यामुळं जसाच्या तसा लावू नका, पण डूख धरलेला माणूस समोरच्याला सोडत नाही तसा समोरचापण त्याला सोडत नाही, एवढं पात्रात घ्या.

११. मित्र, मेहुणा, बायको ह्यांचापण गिल्ट दाखवायचा का? स्क्रिप्ट लांबते.

एकाचा तरी दाखवाच. अश्वत्थामा आत शिरला तेव्हा कृपाचार्य आणि कृतवर्मा दारात उभे होते आणि पळून येणाऱ्यांना मारत होते, त्यातल्या कृपाचार्यांनीच आधी नको म्हणून सांगितलं होतं. नको म्हणाला आणि तरी दारात उभा राहिला, असा माणूस प्रत्येक सूडात असतो. आपल्याकडं तालमीतला दोस्त असेल, त्यानं ड्रायव्हरचा पत्ता काढून दिला, 'फक्त दम देणार आहे' ह्यावर विश्वास ठेवला, किंवा ठेवल्यासारखं केलं. त्याला कुठलं कलम लागो न लागो, दुसऱ्या दिवशी सकाळी तो तालमीत आला का नाही ते दाखवा.

१२. शेवटी हिरो मेलाच पाहिजे किंवा जेलमध्ये गेलाच पाहिजे का?

नाही. मरण हा बऱ्याचदा सोपा रस्ता होतो, हिशोब मिटला असं वाटून प्रेक्षक घरी जातो. जगवला तर जास्त जड जातं (६ मधला अश्वत्थामा). सूड घेतलाच नाही असा शेवटपण चालतो. १९२५ साली आपल्याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' हा सिनेमा केला, सावकार शेतकऱ्याची जमीन लबाडीनं घेतो आणि शेतकरी शहरात गिरणीत मजूर होतो, ते काम व्ही. शांताराम ह्यांनी केलं होतं. सूड घ्यायला पुरेपूर कारण असलेला माणूस निघून जातो, ते शंभर वर्षांनीपण बोचतं.

१३. ज्याला गिल्ट येतच नाही असं पात्र चालतं का?

चालतं, पण मग टोचणी दुसऱ्या कुणाकडं तरी असायला पाहिजे. तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) पुण्यात चोरीचा खोटा आळ घेऊन मारहाण झालेला घाशीराम सूड उगवायला कोतवाली मिळवतो, आणि ती मिळवायला स्वतःची पोरगी गौरी नाना फडणवीसाला देतो. गौरी मरते. शेवटी लोक दगड घेऊन उभे असतात तेव्हा घाशीराम स्वतःच शिक्षा मागतो, पोरीच्या मरणासाठी. नानाला शेवटपर्यंत काहीच टोचत नाही, तो सहीनिशी घाशीरामला लोकांच्या ताब्यात देऊन मोकळा होतो. शिक्षा एकाला झाली आणि टोचणीपण त्यालाच, वर बसलेला स्वच्छ. नाना एवढा थंड आहे म्हणूनच घाशीरामसारख्या माणसासाठी आपल्या पोटात कालवतं.

१४. आमच्या भागातली खरी घटना घेऊन लिहिलं तर चालतं का? नावं बदललीत.

नाव बदलून भागत नाही. गाव बदला, धंदा बदला, मरण कसं आलं तेपण बदला, आणि शक्य असेल तर घरच्यांना आधी भेटा.

हे मी अनुभवानं सांगतोय. काही वर्षांपूर्वी एका अपघातावरनं मी एकांकिका लिहिली. मेलेला पोरगा फारच सरळ वाटत होता, दोन्ही बाजू समान व्हाव्यात म्हणून मी त्याच्या हातात दारूची बाटली दिली, म्हणजे १ मध्ये जे करू नका म्हणालोय नेमकं तेच. तालुक्याच्या गावी प्रयोग झाला, टाळ्या पडल्या. नंतर एक बाई आत आल्या, सगळे मेकअप पुसत होते, त्यांनी लेखक कोण असं विचारलं आणि माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, 'माझा पोरगा पीत नव्हता.' मी म्हणालो, 'मावशी, नाटक आहे ते.' त्या म्हणाल्या, 'व्हय, पण गावात आता लोक तसंच म्हणतील.' आणि गेल्या.

पुढच्या प्रयोगापासून बाटली काढली. त्यांच्या गावच्या लोकांनी बघितलेला प्रयोग मात्र तो एकच.